माझ्या बागेतलं पाणी

माझी बाग उतारावर, माती चिकण, आणि दोघींच्या वरताण माझा हट्ट. पाऊस थांबला तरी आठवडाभर पाणी मागच्या भिंतीशी तुंबायचं. गुलाब कुजले, भिंतीला ओल आली, तेव्हा मी माळीबुवांना बोलावलं.

"बाई, ही माती पाणी पीत नाही. आडवा चर खणू. तळाला भोकांचा पाइप, वर खडी. पाणी आपोआप कोपऱ्यातून बाहेर."

बाहेर म्हणजे कुठं, हे मी विचारलंच नाही. कुंपणापलीकडे उताराच्या खालच्या अंगाला धाकट्या भावाचं घर आहे, हे काय मला कोणी सांगायला हवं होतं?

पुढच्या पावसात बाग ठणठणीत कोरडी. मी खिडकीत चहा घेऊन स्वतःवरच खूश. तेवढ्यात भावजयीचा फोन आला.

"ताई, पळा! मी बाजारात अडकलेय. शेजारीण म्हणते, आमच्या घरात पाणी शिरतंय. आणि हे एकटेच आहेत!"

भाऊ दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. उजवं अंग गेलेलं. मी पोचले तर घोटाभर गढूळ पाणी, आणि तो पलंगावरून त्याकडे नुसता बघतोय. मी बादलीनं उपसलं. उपसावं तेवढं परत येत होतं. धावत वर गेले, पाइपाच्या तोंडात पोती कोंबली, वर चिखल थापला. पाणी खडीतून वाट काढतच राहिलं.

माळीबुवांना फोन लावला.

"पाइप रस्त्याच्या गटारात सोडू."

"गटार भावाच्या अंगणापेक्षा उंच आहे. भरून वाहिलं की पाणी त्याच्याच घरात."

"मग चर बुजवू. पण खणलेली माती पहिल्यासारखी घट्ट बसायला दोन-तीन वर्षं जातील, तोवर पाणी तिच्यातून खाली झिरपणारच, बाई."

मी खाली परतले. पाणी गादीच्या लोंबत्या कडेला लागलं होतं.

"वर माझ्याकडे चल."

"चाळीस पायऱ्या आहेत, ताई. मला उचलणार कोण?"

मला रडू फुटलं. तो डाव्या हातानं माझा ओला पदर ओढून म्हणाला, "रडतेस काय? मुद्दाम केलंस का तू?"

मुद्दाम केलं असतं, तर थांबवता तरी आलं असतं. मी पुन्हा बादली उचलली.