नववा थांबा

आमचं लिंडेनष्टेटन गाव ज्याचं त्यानं हातात पत्रक धरून हिंडायचं असतं. सोबत माहिती देणारा माणूस नाही. ते पत्रक मी लिहिलंय. चौदा थांबे, अडीच तास, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘लेखन : एगोन फोल्मर, निवृत्त शिक्षक’. अक्षर बारीक ठेवणं ही छापखान्याची कल्पना. माझी नव्हती.

नगरपालिकेच्या पत्त्यावर दरवर्षी पंधरा-वीस पत्रं येतात आणि त्यातल्या बहुतेकांत एकच गोष्ट असते : नववा थांबा. नववा थांबा म्हणजे आमचा मीठबुरूज, जुन्या काळचं मिठाचं कोठार. त्याच्यावर मी अडीच पानं लिहिलीत. भिंतीची जाडी, चुन्याचं मिश्रण, दगडांवरच्या पाथरवटांच्या खुणा, सगळं. ब्रेमेनच्या एका जोडप्यानं लिहिलं, ‘नवव्या थांब्यावर आम्ही दोघंही रडलो.’ चुन्याच्या मिश्रणावर माणसं रडतात म्हणजे लेखणीत काहीतरी असणार, असं मी बायकोच्या फोटोला सांगितलं. दुसऱ्या एकानं लिहिलं, ‘पाठ दुखली, पण मजा आली.’ बुरुजाकडे वर बघून मान दुखते, पाठ नाही. मी लाल पेन्सिलीनं ‘पाठ’ खोडून ‘मान’ केलं आणि पत्र फाइलला लावलं.

वसंतातल्या सभेत आमच्या ग्राम-इतिहास मंडळाची अध्यक्ष युडिट उभी राहिली. चौकातलं औषधांचं दुकान तिचं. लॅटिनमध्ये मी तिला काठावर पास केली होती, हे ती विसरलेली नाही.

“सर, आता कागद कोण हातात धरतो? सगळं फोनवर घालू. आवाजासकट.”

मी फाइल घेऊनच गेलो होतो. सात पत्रं मोठ्यानं वाचली. “फोननं कुणाला रडवून दाखव,” म्हटलं.

“बरं. शनिवारी आपण दोघं पत्रकाप्रमाणे चालू. तुम्ही या गावचे नाही असं समजायचं. लिहिलंय तेवढंच करायचं, एक पाऊल जास्त नाही. नववा थांबा खरंच असा असला तर पत्रक राहील.”

“आणि नसला तर?”

“तर फोन.”

मी हसलो. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. चौदा वर्षांत ते पत्रक हातात घेऊन मी एकदाही चाललो नव्हतो. हिवाळ्यात शेगडीशेजारी बसून लिहिलं होतं. आपलंच गाव, चालून काय बघायचं?

शनिवारी दहा वाजता निघालो. चौथ्या थांब्यावर ‘लिंडनच्या सावलीत उभे राहून पुढील मजकूर वाचावा’ असं लिहिलंय. लिंडनचं झाड तीन वर्षांपूर्वीच तोडलं. युडिटनं मला बुंध्याशेजारी भर उन्हात उभं केलं आणि पाऊण पान संपेपर्यंत हलू दिलं नाही. आठव्या थांब्याला, कारंज्यापाशी आलो तेव्हा माझं टक्कल तापलं होतं, पण मी खुशीत होतो. पुढचा थांबा माझा होता.

युडिटनं वाचलं, “चर्चकडे पाठ करून उभे राहा आणि डावीकडच्या गल्लीत वळा. चाळीस पावलांवर एक जुने दार आहे. येथे घाई करू नका.”

मी उजवीकडे निघालो. तिनं बाही धरली.

“डावीकडे, सर.”

“बुरूज उजवीकडे आहे. इथून दिसतोय.”

“तुम्हाला कसा माहीत? तुम्ही या गावचे नाही.”

मी कागद हिसकावून घेतला. छापलेलं होतं : डावीकडे. चष्मा पुसून परत बघितलं. मंडळाला भिंतींवर थांब्यांचे आकडे लावायचे होते, पण जुन्या इमारती जपणाऱ्या खात्यानं एक खिळासुद्धा मारू दिला नव्हता, म्हणजे लोकांना विश्वास टाकायला माझा शब्द तेवढा होता. पस्तीस वर्षं मी मुलांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या आणि चौदा वर्षं सबंध जगाला उलट्या गल्लीत पाठवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि गल्ली कुठली, तर नेमकी खालची गल्ली. तिथे मी चोपन्न वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

चाळीस पावलांवर खरोखरच जुनं दार होतं. दारासमोर सात माणसं, सगळ्यांच्या खिशात माझं पत्रक, आणि चौघांच्या हातात झाडू. एक उंच हॉलंडचा गृहस्थ गटाराची जाळी खरवडत होता. बाकावर उशी टाकून, एक पाय स्टुलावर ठेवून त्या घराची मालकीण रोस्विता बसली होती.

“कोपरे राहिले,” ती त्याला सांगत होती. “कोपरे सोडून झाडतो त्याला आमच्याकडे वारा म्हणतात.”

हॅम्बुर्गकडची एक बाई मला म्हणाली, “तुम्हीपण नवव्या थांब्याला? मागे उभे राहा. झाडू चारच आहेत. झाडून झालं की केक.”

शनिवारी आपल्या दारापुढचा रस्ता आपण झाडायचा, हा आमच्याकडचा धर्म आहे. देवाला न मानणारेही तो पाळतात. पण तो पाहुण्यांकडून करून घेतलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

रोस्वितानं मला पाहिलं. बाजारात आमचं नमस्कार-चमत्कारापुरतं बोलणं असतं, तेवढंच.

“चाळीस पावलं यायला बराच वेळ लावलास, एगोन.”

“हे काय चाललंय?”

“तुलाच विचारायला हवं. पहिल्या वर्षी लोक यायचे नि माझ्या गोठ्याच्या दारासमोर टोपी काढून अर्धा अर्धा तास उभे राहायचे. घाई करू नका म्हणून तू लिहिलंयस ना? मला दया आली. शनिवार होता. म्हटलं, उभेच आहात तर हे धरा.”

युडिट ओठ दाबून उभी होती. “म्हणजे पाठदुखीवाला...”

“तो कासलचा. बर्फाचे दिवस होते, फावडं दिलं होतं.”

“आणि ब्रेमेनचं जोडपं? जे रडले?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“त्यांना क्लेमेन्स छपरावरून पडला त्या दिवसाचं सांगितलं. गरीब माणसं. दोन-दोन तुकडे खाल्ले केकचे.”

क्लेमेन्स म्हणजे तिचा नवरा. कौलं बसवायचा. माझ्या चुन्याच्या मिश्रणावर आजतागायत कुणीही रडलेलं नाही.

युडिटच्या हातात झाडू पडला तेव्हा रोस्वितानं मला जवळ बसवलं आणि आवाज खाली केला.

“कंबरेचं हाड मोडल्याला सहा वर्षं झाली. मला वाकता येत नाही. लेक माझी, बिर्गिट, दर महिन्याला श्टुटगार्टहून येते, आधी गटार बघते, मग आईकडे. ‘आई, ज्या दिवशी दारापुढे कचरा दिसेल त्या दिवशी तू वृद्धाश्रमात,’ म्हणते. अजून दिसलेला नाही.”

“माणूस लावता येतो.”

“माणूस लावला की तिला कळणार, मला जमत नाही. पाहुणे काय, येतात नि जातात.” तिनं उशी सारखी केली. “पण एगोन, तुला डावं-उजवं कळत नाही असं मला कधी वाटलं नाही. सोळा वर्षांचा होतास तेव्हा कारंज्यापाशी रोज डावीकडे वळायचास. लॅटिनची वही द्यायला.”

“तुला अडायचं म्हणून.”

“मला लॅटिन नव्हतंच.”

मी झाडूकडे बघत बसलो. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला दोन्ही एकदम झेपत नाही. तिनं क्लेमेन्सशी लग्न केलं त्या दिवसापासून मी ही गल्ली टाळली. शेगडीशेजारी बसून लिहिताना मात्र पाय आपले जुन्या वाटेनं गेले होते.

परतताना युडिट म्हणाली, “सर, मी शब्द पाळते. नववा थांबा भारी आहे. पत्रक राहील, तुमच्या नावासकट. फक्त नवीन छपाईत ‘डावीकडे’चं ‘उजवीकडे’ करू. लोक एकदाचे तुमच्या बुरुजापाशी जातील.”

“पण मग रोस्विता?”

“मलाही वाईट वाटतं. पण चूक ती चूक. माहीत असून छापायची नाही. हे तुम्हीच शिकवलंत.”

तिचं बरोबर होतं. आमच्या मंडळात एका स्वल्पविरामावर दोन सभा झाल्यात. उघड चूक राहू द्या म्हटलं तर चाळीस सभासदांतला एकही हात वर झाला नसता. आणि रोस्विताचं खरं कारण सांगावं, तर मंगळवारी सभेत बोललेलं बुधवारपर्यंत श्टुटगार्टला बिर्गिटच्या कानी पोचतं.

मंगळवारपर्यंत मी नीट झोपलो नाही. मला हवं ते सगळं ताटात वाढून समोर होतं : पत्रक, नाव, बुरूज.

सभेत मी उभा राहिलो. “दुरुस्ती आहे,” म्हटलं. “डावीकडे हे बरोबर आहे. मला डावीकडेच म्हणायचं होतं. चूक पुढे आहे, मीठबुरुजाच्या मजकुरात. तो तिथे चुकून छापला गेला. अडीचच्या अडीच पानं काढावीत. त्या जागी दोन ओळी : जुने दार. बाकावर बसलेल्या बाई सांगतील तसे करावे.”

युडिट माझ्याकडे टक लावून बघत होती.

“चौदा वर्षं चुकून, सर?”

“चौदा वर्षं चुकून. शिवाय कंटाळवाणा आहे तो. मी लिहिलाय, मला ठाऊक.”

तिनं मतदान घेतलं. कारंज्याच्या डागडुजीवर आमच्याकडे आठ वर्षं वाद चालू आहे, पण माझी अडीच पानं काढायला चाळीसच्या चाळीस हात वर गेले. काहींचे तर दोन्ही. इतकं एकमत मंडळानं कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते जरा लागलं.

आता दर शनिवारी दहाला मी खालच्या गल्लीत असतो. कारंज्यापाशी डावीकडे, चाळीस पावलं, मोजलीत. परवा लाइप्झिगच्या एका पोरीनं झाडता झाडता मान वर केली आणि छपरांमागे बोट दाखवलं.

“आजोबा, तो बुरूज कसला हो? पत्रकात काहीच नाही.”

चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. मी झाडू भिंतीला टेकवला, घसा साफ केला.

“एगोन,” बाकावरून आवाज आला, “कोपरे.”

मी झाडू उचलला.