दोन कप्प्यांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी, दोन कप्प्यांची पितळी डबी आहे. बीडच्या हैदर कारागिरांनी मला ठोकून घडविले आणि नारायणगडाच्या यात्रेत भामाबाईंनी मला विकत घेतले. तेव्हापासून माझे स्थान त्यांच्या कनवटीला. एका कप्प्यात मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दात घासण्याची पूड. दुसरा कप्पा रिकामाच असे. पहाटे तलवाड्याच्या दूध संस्थेत भामाबाई चरवी घेऊन येत, तेव्हा साऱ्या वृद्धा माझ्याकडे हात पसरीत. "भामाची डबी म्हंजी लक्ष्मी हाय!" ही स्तुती ऐकून मी अधिकच उजळत असे.

पुढे दुष्काळ पडला. जनावरे चारा छावणीत गेली, ताटातील पालेभाजी नाहीशी झाली. संस्थेने भरविलेल्या शिबिरात अशक्त वृद्धांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. भामाबाईंनी त्या माझ्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या. त्यांची थोरली बहीण बायनाबाई तोंडाच्या कॅन्सरने गेली होती. ते भय त्यांच्या अंतःकरणात खोल रुतले होते.

"मिश्री लावली की वरून गोळी खाते. मग कॅन्सर कशाला येतुय?" त्या शेजारच्या बीबीजानला म्हणाल्या.

"वा गं भामा! घर पेटवायचं अन् वरून तांब्याभर पाणी शिंपडायचं. तेबी दुष्काळात!" बीबीजान हसली.

काही काळाने भामाबाईंच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला. त्यांनी तो कोणास सांगितला नाही. गोळ्या मात्र दुप्पट केल्या. मिश्री सुटली नाही. मला वाचा असती तर!

एके दुपारी बीबीजानने ठेचा आणला. भामाबाईंनी तो बाजूला सारला.

"ठेच्याबिगर घास न उतरणारी तू. त्वांड उघड."

"काय न्हाई गं, उष्णता हाय."

"बायनालाबी उष्णताच होती. उघड म्हन्ते ना!"

दुसऱ्याच दिवशी बीबीजानने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी चट्टा पाहिला, मग मला उघडून पाहिले. "आजी, या गोळ्या अंगातली उणीव भरून काढतात. मिश्रीचं विष त्या उतरवत नाहीत. जास्त खाल्ल्यानं जास्त राखण होते, असंही नाही." चट्ट्याचा तुकडा तपासणीस गेला.

घरी येताच भामाबाईंनी मिश्री उकिरड्यावर झटकली आणि मला राखेने घासले. आता मी कोनाड्यात असते. तपासणीचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. पहाटे त्यांचा हात सवयीने माझ्यापर्यंत येतो, थबकतो आणि माघारी जातो.

मित्रांनो, मला जपा, असे मी विनवीत नाही. आपल्या आजीने कधी ताटातले तिखट दूर सारले, तर तिच्याजवळ बसा आणि "तोंड दाखव" म्हणून हट्ट धरा. ती "उष्णता आहे" म्हणेल. तरीही उठू नका.