पंपवाल्यांचा गौरवग्रंथ

विभागात मला सगळे पंपवाले म्हणतात, शिपायापासून कुलगुरूंपर्यंत, आणि त्याचं वाईट वाटेनासं होऊन आता वीस वर्षं झाली. आंतरराष्ट्रीय व्यापार हा माझा विषय. चौतीस वर्षांत मी एक्केचाळीस लेख लिहिले, त्यांतला लोकांनी वाचला तो एकच. दोन शेजारी देशांनी आपसातली जकात कमी केली आणि दोन वर्षांत पाण्याच्या पंपांची निर्यात तिप्पट झाली, एवढंच त्यात होतं. पण त्या एका लेखावर मी प्राध्यापक झालो, सरकारी समित्यांवर बसलो, परिषदांमधले गारढोण सँडविच खाल्ले. पाठ्यपुस्तकात त्याची एक चौकटसुद्धा आहे. उरलेले चाळीस लेख बढतीसाठी लिहिले आणि ते तसेच दिसतात.

या सत्राच्या शेवटी मी निवृत्त होतोय. माझ्या नावाने गौरवग्रंथ निघणार आहे आणि त्यात पहिला मान अर्थातच पंपांचा. संपादक माझा वर्गमित्र टक्का. साखर किती हवी हेही तो टक्क्यांत सांगतो, म्हणून हे नाव पडलं.

तर परवा माझी शेवटची विद्यार्थिनी खोलीत आली. ही मुलगी कमी बोलते, आणि बोलते तेव्हा तिचं बहुधा बरोबर असतं. तिने टेबलावर दोन कागद ठेवले.

"सर, जरा मोटारींचे आकडे बघता का? पंपाला लावतात त्या, विजेच्या."

मी चष्मा लावला. ज्या वर्षी पंप उसळी मारून वर गेले होते, नेमके त्याच वर्षी मोटारी धाडकन खाली आल्या होत्या. जकात खात्यात मालाच्या प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक असतो आणि दर काही वर्षांनी ती क्रमांकांची यादी नव्याने लावतात. आधी मोटार जोडलेला पंप 'मोटारी' या सदरात धरायचे. त्या वर्षापासून तो 'पंप' या सदरात धरू लागले. माल तोच, ट्रक तेच, फक्त कागदावरचा रकाना बदलला. मी सहा वर्षांचे पंपांचे आकडे मांडून बसलो होतो आणि शेजारचं पान उलटलं नव्हतं.

"म्हणजे निर्यात वाढलीच नाही?"

"वाढली ना सर. चार टक्के."

मी चष्मा काढला. ती खाली बघत म्हणाली, "माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण यावरच उभं आहे. ठेवू की काढू? शुक्रवारी तुमची सही लागेल. तुम्ही म्हणाल तसं करते."

'काढू' हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. आधी हायसं, मग लाज. मी म्हटलं, "बघतो." नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असावा.

टक्क्याला फोन केला. तो वैतागला. "अरे, ग्रंथ छापखान्यात चाललाय. तुझा तो लेख खोटा ठरला, तर गौरव कशाचा करायचा? तुझ्या हजेरीपटाचा? तिला सांग, ते प्रकरण नंतर कुठेतरी छाप. तू एकदाचा घरी बस, मग काय गोंधळ घालायचा तो घालू दे तिला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी इतका थकलो होतो, की मला काहीही पटलं असतं. गुरुवारी सकाळी तिला 'काढ' म्हणून सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

सकाळी बायको चादरींच्या घड्या घालत होती. ती माझ्याच वर्गात होती, संख्याशास्त्रात माझ्या पुढे. त्या काळी आकडे जाडजूड वार्षिक खंडांत यायचे आणि ग्रंथालय ते तीनच दिवस घरी देई. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने ते सगळे तिनेच उतरवले होते. लेखाच्या शेवटी मी तिचे आभारही मानले आहेत, सहनशीलतेबद्दल. मी तिला मोटारींचं सांगितलं.

"हो, कमी झाल्या होत्या की," ती म्हणाली. "मी बोलले होते तुला."

"कधी?"

"तेव्हाच. थोरलीला गोवर आला होता त्या आठवड्यात. म्हटलं, पंप जेवढे वाढलेत तेवढ्याच मोटारी घटल्यात, यादी बदललीय का बघ. तू हसलास. म्हणालास, मोटारींवर तू लिही."

"मग?"

"मग काय, धाकटी झाली. हे टोक धर."

मी टोक धरलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला झोंबलं. खूप आठवून पाहिलं, पण त्या आठवड्यातला मला फक्त गोवर आठवला. ती बोलत असताना मी ऐकतच नव्हतो, हे उघड होतं. जिन्यावरून उतरताना मला स्वतःचा फार कंटाळा आला.

विभागात विद्यार्थिनी माझ्या खोलीच्या दाराशी उभीच होती, हातात बांधलेला प्रबंध घेऊन. "सर, मीच काढलं ते प्रकरण. पानांचे क्रमांकही बदललेत. फक्त सही."

ती हे मला सांभाळून घेत म्हणाली. मी पेन खाली ठेवलं. "परत घाल."

"सगळं?"

"सगळं. टक्क्याला मी पत्र लिहितो. ग्रंथात पंपांच्या जागी हे छापायचं, नाहीतर ग्रंथ नको." तिचा चेहरा उजळला, आणि मला जरा बरं वाटलं. "एक तळटीप मात्र लागेल. ही गोष्ट तुझ्याआधी एकीच्या लक्षात आली होती. माझ्या बायकोच्या. सव्वीस वर्षांपूर्वी."

तिने वही काढली. "त्यांनी कुठे छापलं होतं?"

"कुठेच नाही."

"मग संदर्भ कसा देऊ?"

छापलेलं नसेल तर 'वैयक्तिक चर्चा' असं लिहायचं आणि त्या व्यक्तीची परवानगी घ्यायची, हे मीच वर्षानुवर्षं शिकवत आलोय. मी घरी फोन लावला. मागे नळ वाहत होता, तो बंद झाला. मी काय ते सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घालायचं तर माहेरचं नाव घाल. पदवीवर तेच आहे." आणि फोन ठेवला.

मी नाव सांगितलं. मुलीने ते स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "या कुठे असतात, सर? नावापुढे संस्था लिहावी लागते."

मी म्हटलं, "ती जागा रिकामी सोड."