जड घर आणि खपाचं गणित

आई मार्चमध्ये गेली आणि एप्रिलमध्ये मी तिचं दुकान उघडलं. उघडलं म्हणजे दाराची कडी काढली, एवढंच. आत सगळं तिनं लावलं होतं तसंच होतं. पिठाची पोती भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे ओल लागत नाही. मेणबत्त्या वरच्या फळीवर. दोरांची वेटोळी दाराशी. आमच्या बेटावर दुसरं दुकान नाही. दुसरं दुकान अचाओला, शेजारच्या मोठ्या बेटावरच्या गावात. अचाओला जायचं तर बोट हवी, आणि बोट सुटणार की नाही ते उत्तरेचा वारा ठरवतो.

मी पुएर्तो मोंत शहरात माशांच्या खाद्याच्या कंपनीत साठ्याचं गणित करते. समुद्रातल्या कुठल्या पिंजऱ्याला किती खाद्य लागेल, ते किती आधी मागवायचं, वादळात बंदर बंद झालं तर हाताशी किती असावं. आई लोकांना सांगायची, "पोरगी एवढं शिकली आणि आता माशांना जेवायला वाढते."

कंपनीनं मला सप्टेंबरअखेरपर्यंत रजा दिली होती. तोवर दुकानाचं काय करायचं ते ठरवायचं होतं. ठरवण्याचा मला एकच मार्ग येतो. हिवाळाभर, म्हणजे आमच्याकडे मे ते ऑगस्ट, प्रत्येक वस्तूचा खप मांडायचा. खप पुरेसा असला तर नोकरी सोडून इथं राहायचं, नसला तर दुकानाला फळ्या ठोकून परत जायचं. हे मी फक्त उबेरलिंदाला सांगितलं. ती माझी माद्रिना, बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरून उभी राहिलेली बाई, आणि आईची चाळीस वर्षांची शेजारीण.

"म्हणजे ठरवणार कोण?" तिनं विचारलं. "तू का आकडे?"

"आकडे, माद्रिना. माझ्या मनावर सोडलं तर मी रोज वेगळं ठरवेन."

"बरं." तिनं येर्बाच्या कडवट चहात गरम पाणी ओतलं आणि भांडं माझ्या हातात दिलं. "आकडे तर आकडे."

तिला काही सांगितलं की ते बेटाला सांगितल्यासारखंच असतं, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा हिशेब मी धरला नाही.

गणित साधं होतं. माल मागवल्यापासून येईपर्यंत किती खपेल, त्यात बोट चुकली तर लागेल तो राखीव साठा मिळवायचा. फळीवरचा माल त्या खुणेपर्यंत उतरला की मागणी पाठवायची. उद्याचा खप मात्र कुणाला माहीत नसतो. तो मागच्या खपावरून ताडायचा, आणि ताडताना अलीकडच्या आठवड्यांना जास्त मान द्यायचा, जुन्यांना कमी कमी करत जायचं. जुनं किती वेगानं विसरायचं, ते एका आकड्यानं ठरतं. तो आकडा आपण निवडायचा असतो. कंपनीत मी तो डोळे मिटून घालत असे. इथं जुने आठवडे आईचे होते. मी लॅपटॉपसमोर बराच वेळ बसले, आणि मग कंपनीतलाच आकडा घातला.

मे महिना विक्रीला थंड गेला. जूनमध्ये खप वाढला.

पहिला आला बाल्दोविनोकाका. बेटावरची सगळ्यात दांडगी बैलजोडी त्याची, आणि सगळ्यात गुळगुळीत टक्कलही त्याचंच.

"शॅम्पू दे," तो म्हणाला. "मोठी बाटली. दोन दे."

मी त्याच्या डोक्याकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

"बैलांना लागतो," तो म्हणाला. "शेपट्या मऊ राहतात."

"आधी कधी लावत नव्हतास ना?"

"आधी त्यांनी मागितला नव्हता."

मग बोटवाला रोसालिनो. तो माझ्याच वर्गातला. शाळेत माझ्या वेण्या बाकाला बांधायचा. तो दर आठवड्याला दोर न्यायला लागला.

"मागच्या आठवड्यातल्याचं काय झालं?"

"कुजला."

"नायलॉन कुजतो?"

"यंदा समुद्र खारट आहे," तो म्हणाला आणि वेटोळं खांद्यावर टाकून निघाला.

माद्रिना पीठ न्यायची. इतकं पीठ, की मी तिला विचारलं, एवढ्या पावाचं करतेस काय? "खाते," ती म्हणाली. "दुःखात भूक लागते मला." मलाही लागत होती.

शेवया, मेणबत्त्या, खिळे, ट्यूना माशाचे डबे, सगळ्याची रेघ वर चढू लागली. रोज संध्याकाळी मी आकडे भरायचे आणि आलेख बघायचे. कंपनीत असा आलेख आला असता तर मी आधी विचारलं असतं: कोण घेतंय, का घेतंय, घेऊन ठेवतंय कुठे? इथं मी विचारलं नाही. आलेख वर जात होता आणि मला बरं वाटत होतं. मी मागणी वाढवली. मालाबरोबर खपही वाढला, म्हणून पुन्हा वाढवली. ऑगस्टअखेर गणित म्हणू लागलं, की आईच्या काळापेक्षा दुकान दुपटीनं चालतंय. मी दालकाउएच्या घाऊक व्यापाऱ्याला वसंताची मोठी मागणी पाठवली, आणि कंपनीला लिहायच्या राजीनाम्याची पहिली ओळ मनात जुळवायला लागले.

सप्टेंबरात माद्रिनानं मिंगा, म्हणजे अख्ख्या गावानं मिळून करायचं काम, बोलावली. समुद्र तिच्या अंगणाचा काठ खात खात न्हाणीपर्यंत आला होता, म्हणून तिनं घर वर, टेकडीच्या शेतात न्यायचं ठरवलं. घर म्हणजे अख्खं घर. लाकडी, वर्षानुवर्षं उभं असलेलं, फळ्यांच्या खवल्यांनी मढवलेलं. खाली ओंडक्यांच्या दोन घसरपट्ट्या बसवायच्या, पुढं बैल जुंपायचे, आणि गावानं दोराला हात लावायचा. मजुरी नसते. घर पोचलं की घरधनीण जेवायला घालते, आणि पुढं कुणी बोलावलं तर आपण जायचं. घर ओढण्याआधी ते रिकामं करतात. चूल, धुरांडं, काचा, कपाटं, खाटा, सगळं बाहेर.

सकाळी अख्खं बेट जमलं. माद्रिनाचं सामान अंगणात मांडलं होतं, आणि वरच्या शेतात बायका खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिंपले, मांस आणि बटाटे रचून पानांनी झाकत होत्या. बाल्दोविनोकाका सगळ्यांच्या पुढं, हातात लांब काठी.

"रिकामं आहे ना गं?" त्यानं ओरडून विचारलं.

"कधीचं!" माद्रिना म्हणाली. "मी स्वतः झाडून काढलंय."

सहा जोड्या बैलांनी माना खाली घातल्या. आम्ही दोर धरले. काकानं हाक दिली आणि सगळ्यांनी ओढलं. घर करकरलं आणि तिथंच राहिलं.

पुन्हा ओढलं. बैलांचे खूर चिखलात रुतले. घर हललं नाही.

"पट्टी अडकली असेल," रोसालिनो म्हणाला. त्यानं वाकून बघितलं. पट्टी मोकळी होती.

"वास्तूचं मन नाही," कुणी म्हातारी म्हणाली. "किंवा जादूटोणा झालाय."

"जादूटोणा करणाऱ्यांना सकाळी उठवतं कोण?" माद्रिना म्हणाली. पण ती घराकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्या वेळी दोर तुटला. माणसं एकमेकांवर पडली, पोरं हसली, एक कुत्रा भुंकत पळाला. मी चिखलातून उठले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझं डोकं नोकरीत चालायचं तसं चाललं. घराची लाकडं मला माहीत होती. सहा जोड्यांना ते जड जायला नको होतं. मग वजन कुठून आलं?

"माद्रिना, पोटमाळ्यावर काय आहे?"

सगळे एकदम आपापले दोर तपासायला लागले.

"उंदीर," माद्रिना म्हणाली.

"सहा जोड्या बैलांना जड होतील एवढे?"

"धष्टपुष्ट आहेत."

मी काच काढलेल्या खिडकीतून आत गेले. शिडी लावली आणि झाकण वर ढकललं. ते लगेच उघडेना. वर काहीतरी टेकलेलं होतं. डोकं आत घातलं तेव्हा आधी पिठाचा वास आला.

छपरापर्यंत पोती रचलेली होती. भिंतीपासून हातभर लांब. त्यांच्या मागं शेवयांची खोकी, न उघडलेली. मेणबत्त्यांचे गठ्ठे. नायलॉनच्या दोराची वेटोळी, एकावर एक. खिळे, ट्यूनाचे डबे, आणि एका कोपऱ्यात शॅम्पूच्या बाटल्या ओळीनं उभ्या. प्रत्येक खोक्यावर खडूनं घराघराचं नाव लिहिलेलं होतं. हिवाळाभर मी जे विकलं ते सगळं इथं होतं. अख्ख्या बेटानं मिळून एक मध्यवर्ती गोदाम केलं होतं, आणि ते माझ्या गोदामापेक्षा नीट लावलेलं होतं.

शिडी उतरून मी दारात आले. सगळे माझ्याकडे बघत होते. बैलसुद्धा.

"कुणाची कल्पना?"

बाल्दोविनोकाकानं काठीनं माद्रिनाकडे खूण केली. "माझ्या घरी ठेवायला जागा होती," तो म्हणाला, "पण बायको विचारायला लागली, हा शॅम्पू कुणासाठी? मग मी इथं आणला."

"तू म्हणालीस आकडे ठरवणार," माद्रिना म्हणाली. तिनं एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "मग आम्ही आकडे केले. त्यात काय चुकलं?"

"आकडे करायचे नसतात, माद्रिना. मोजायचे असतात."

"मग मोज की. सगळं तिथंच आहे. आम्ही एक खिळा वापरला नाही."

मला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. मी दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि हसत राहिले, आणि मधेच ते हसू बदललं, तेव्हा माद्रिना पुढं येऊन माझ्यासमोर उभी राहिली, लोकांना दिसू नये अशी. ती रुंद बाई आहे.

"झालं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"झालं."

"मग उठ. बैल थांबलेत."

आम्ही रांग केली. पोटमाळ्यापासून खिडकी, खिडकीपासून अंगण. पोती हातोहात उतरली. ज्याचं नाव तो आपलं खोकं ओळखून लाजायचा आणि पुढं द्यायचा. मग काकानं हाक दिली आणि घर निघालं. ते सरकलं तेव्हा छपरावरचा पक्षी उडाला, माणसं ओरडली, आणि दोन तासांनी माद्रिनाचं घर टेकडीवर समुद्राकडे तोंड करून उभं होतं.

पानं उघडली, वाफ उठली. सगळे शिंपले फोडत होते, सफरचंदाची दारू फिरत होती, पण माझ्याशी कुणी धड बोलेना. कारण खरा प्रश्न तसाच होता. खोटा खप वजा केला तर दुकान चालत नव्हतं. हे गणित करायला लॅपटॉप लागत नव्हता.

"मोठी मागणी परवा बोटीत चढणार," रोसालिनो माझ्या शेजारी बसत म्हणाला. "बोट बुडेल गं इवानिया."

"रद्द करते. पण आधी मला खरं सांगा." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्हाला दुकानातून लागतं काय?"

आधी सगळे म्हणाले, सगळं लागतं. मग माद्रिना खेकसली, "खरं सांगा म्हणतेय ना ती!" तेव्हा एकेकानं कबूल केलं. शेवया अचाओला चांगल्या मिळतात. खिळे रोसालिनो आणून देतो. मेणबत्त्यांची गरज उरली नाही, आता दिवे आहेत.

"मग आईकडे येत होता कशाला?"

काका म्हणाला, "बोट नसली की. उत्तरेचा वारा सुटला आणि बंदर बंद झालं, की तुझ्या आईकडे पीठ असायचं. गॅस असायचा. कधी संपला नाही. बाकीच्या दिवशी आम्ही नुसते बसायला यायचो."

मी शिंपला खाली ठेवला. कंपनीत मी याला राखीव साठा म्हणायचे. तो खपत नाही, म्हणून आलेखात दिसत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी साहेब विचारतो की हा माल नुसता पडून का आहे. पडून राहणं हेच त्याचं काम असतं. आईचं दुकान म्हणजे अख्ख्या बेटाचा राखीव साठा होता. मी हिवाळाभर त्याचा खप मोजत बसले होते.

"तो साठा एकटीच्या बळावर ठेवणं मला जमणार नाही," मी म्हणाले. "आई कशी ठेवायची मला माहीत नाही. पण तुम्ही एक गोदाम केलंयच. त्यातलं पीठ आणि दोर दुकानात आणा, प्रत्येक घराच्या नावानं. वारा सुटला की ज्याला लागेल त्यानं न्यावं, बोट आली की भरून द्यावं. किती ठेवायचं ते मी काढून देईन. शेवया मात्र ज्याच्या त्यानं खाव्यात."

"आणि तू?" माद्रिनानं विचारलं. "त्या साठ्यापाशी बसणार कोण?"

हा प्रश्न एप्रिलपासून मी आकड्यांना विचारत होते.

मी टेकडीच्या टोकाला गेले. फोन तिथंच लागतो. आधी दालकाउएच्या व्यापाऱ्याला मागणी रद्द करायला सांगितली. तो बराच वेळ कुरकुरला. मग कंपनीत साहेबांना फोन केला आणि विचारलं, इथून काम करता येईल का, महिन्यातून एकदा येऊन जाईन.

"तिथं बंदर बंद झालं तर?" त्यांनी विचारलं.

"तर येणार नाही."

ते हसले. म्हणाले, बघू, अर्ज पाठव. नाही म्हणाले तर काय, हे मी स्वतःला विचारलं, आणि इथंच राहायचं हे उत्तर ठरलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

खाली माणसं माद्रिनाच्या घरावर धुरांडं चढवत होती आणि ते वाकडं बसत होतं. रोसालिनो म्हणत होता डावीकडे, काका म्हणत होता उजवीकडे.

"इवानिया!" माद्रिनानं खालून हाक मारली. "फोन झाला असेल तर ये आणि हे टोक धर. कोण खोटं बोलतंय ते सांग मला!"

मी उतारावरून पळत निघाले.