कागदावरचं लॅटिन

हेन्ड्रिना जानेवारीत गेली. जमीन इतकी गोठली होती की कबर खणणाऱ्यांना कुदळीनं भागेना, कुऱ्हाडी आणाव्या लागल्या. तिच्या नवऱ्यानं, डॉक्टर खेरित ओव्हिंकनं, त्या संध्याकाळीही दोन रोगी तपासले. हॉलंडातल्या झुत्फेन गावात लोक म्हणाले, डॉक्टर लवकर सावरले. पण सावरायला आधी कोसळावं लागतं, आणि तसं काही झालंच नव्हतं. तो जेवत होता, झोपत होता, लोकांच्या नाड्या बघत होता. आत मात्र सगळं लाकडासारखं झालं होतं.

फेब्रुवारीत थर्लबीचं पत्र आलं. थर्लबी इंग्लंडातल्या एका खेड्यातला पाद्री. ओढ्यातल्या किड्यांवरून दोघं कित्येक वर्षं एकमेकांना लॅटिनमध्ये लिहीत होते. भेट मात्र कधी झाली नव्हती. पत्रांबरोबर जाणारी चित्रं हेन्ड्रिना काढायची. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी बांधणाऱ्या अळ्यांबद्दल थर्लबीनं विचारलं होतं. खेरितनं सविस्तर उत्तर धाडलं. चित्र पाठवलं नाही. का, तेही लिहिलं नाही.

मे महिन्यात थर्लबी स्वतःच दारात उभा राहिला. उंच, वाकलेला, समुद्रप्रवासानं पिवळा पडलेला. हात पुढे करून तो भरभर काहीतरी बोलला. खेरितला एक अक्षर कळलं नाही. मग खेरित बोलला, तर थर्लबी नुसता बघत राहिला. लॅटिन शब्द तेच, पण इंग्रजांचा उच्चार वेगळा आणि डचांचा वेगळा.

म्हातारी मोलकरीण आल्त्ये स्वयंपाकघरातून डोकावली. "काय हो डॉक्टर, वाटेत हेरिंग मासा खाल्ला का यांनी? काटा अडकल्यासारखं बोलतायत."

"लॅटिन आहे ते."

"मग तुम्ही बोलता ते काय आहे?"

अखेर दोघं टेबलाशी बसले, मध्ये कागद ठेवला आणि आळीपाळीनं लिहू लागले. थर्लबीनं पिशवीतून शिसपेन्सिलींची जुडी काढली आणि लिहिलं, 'तुमच्या पत्नीसाठी. त्या कुठे आहेत?'

खेरितनं लिहिलं, 'जानेवारीत वारली.'

वाचून थर्लबीनं टाक खाली ठेवला. बऱ्याच वेळानं उचलला. 'पण मार्चमध्ये तुमचं अळ्यांवरचं पत्र मला मिळालं.'

'तुम्ही अळ्यांबद्दल विचारलं होतं.'

आल्त्येनं वाटाण्याचं सूप आणून ठेवलं. कुणी चमचा उचलला नाही. थर्लबी पुन्हा लिहू लागला. 'मलाही पत्नी होती. मी तुम्हाला एका दिवसात मरणाऱ्या माश्यांच्या पंखांवर लिहिलं, त्याच आठवड्यात ती गेली.'

खेरितला ते पत्र आठवलं. चांगलं पत्र होतं, एकही मोजमाप चुकलेलं नव्हतं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे त्याला समजत होतं. वाटलं काहीच नाही. त्यानं फक्त सुपाची वाटी पाहुण्याकडे सरकवली.

"काय लिहितायत ते?" आल्त्येनं विचारलं.

"त्यांचीही बायको वारली."

"अरे देवा. कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"मग इतके दिवस बोलले का नाहीत?"

खेरितनं टेबलावरचा कागद सरळ केला. आल्त्येनं पाहुण्याच्या पानात पावाचा आणखी एक जाडजूड तुकडा टाकला.

दुसऱ्या दिवशी दोघं ओढ्यावर गेले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी अळ्या गोळा केल्या. तिथे कागद लागला नाही. एकानं बोट दाखवायचं, दुसऱ्यानं भांडं पुढे करायचं. थर्लबी आठवडाभर राहिला. निघताना त्यानं खेरितचा हात धरला आणि आपल्या भाषेत हळू आवाजात बरंच काही सांगितलं. खेरितनं मध्ये अडवलं नाही, लिहून द्या असंही म्हटलं नाही. घोडागाडी पुलापलीकडे गेल्यावर तो घरी आला. दारात एक बाई तापानं फणफणलेलं मूल घेऊन बसली होती. खेरितनं कोट काढला, हात धुतले आणि तिला आत बोलावलं.