दाराचं माप

मी शिंप्याचं कटिंग टेबल बोलतोय. हसू नका, पण ज्या खोलीत माझा जन्म झाला, तिच्या दारातून मला कधी बाहेर पडताच येत नव्हतं. सुताराने मला दुकानातच ठोकून उभं केलं होतं. गावभराची मापं घेणाऱ्या आमच्या मास्तरांनी दाराचं माप तेवढं घेतलं नव्हतं!

दर पाच वर्षांनी जागेचे मालक यायचे. माझ्यावरची कापडं बाजूला सारून चहा व्हायचा आणि नव्या करारावर सह्या. मुदत वाढवून हवी असेल तर भाडेकरूने तीन महिने आधी लेखी कळवावं, असं करारात होतं. मास्तर दर वेळी विचारायचे, "पत्र देऊ ना?" मालक म्हणायचे, "अहो, रोज तोंड बघतो एकमेकांचं, पत्र कसलं?" ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग मालक वारले. मास्तर सवयीने चहाची वाट बघत राहिले. मुदत संपत आली तेव्हा मालकांचा मुलगा आला.

"मास्तर, तुमचं पत्रच नाही. मला वाटलं, तुम्ही जागा सोडताय. बायकोच्या दवाखान्याचं सगळं ठरवून बसलोय मी."

"अरे, तुझ्या वडिलांनी कधी पत्र मागितलं नाही!"

"ते मला कुठे माहीत होतं?"

आवाज चढले. पुढे महिनाभर अबोला. चूक कुणाची, ते मला अजून ठरवता येत नाही.

शेवटच्या दिवशी खोली रिकामी झाली, उरलो मी. मास्तरांनी खडू घेऊन माझ्या मधोमध रेघ ओढली. तीस वर्षांत त्यांची रेघ कधी हलली नव्हती, त्या दिवशी वाकडी गेली. सुताराने करवत लावली. मी कोसळू नये म्हणून एक टोक मास्तरांनी धरलं, दुसरं त्या मुलाने. मला रडू आलं, पण लाकडाला रडता कुठे येतं?

"काका, मी एकदा विचारायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

"आणि मी सांगायला."

अबोला सुटला, पण करवत थांबली नाही. दवाखान्याची पाटीसुद्धा रंगवून आली होती.

आता आम्ही दोन गल्ल्या पलीकडे असतो. माझ्या पोटाला बिजागऱ्या आहेत, मिटलो की कुठल्याही दारातून जातो. नव्या करारात पत्र द्यायची तारीख मास्तरांनी माझ्या कडेवर कोरून ठेवली आहे. इथे माझ्यावर पहिलं कापड बेतलं ते त्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचं.

बाबांनो, कितीही सख्य असो, पत्र द्या. रोज सकाळी मास्तर माझ्या सांध्यावर मेण घासतात, कापड अडकू नये म्हणून. कापड केव्हाच अडकेनासं झालंय. तरी ते घासतात, आणि मीही गप्प पडून राहतो.