शिवणमशीनचं तेल आणि माझा घसा

मी गाडीतला जुना रेडिओ. दोन जाड बटणं आणि मधे काटा असलेला, तोच. बोलणं हा माझा धंदा. पण जी एक गोष्ट बोलायला हवी होती, तीच मला कधी सांगता आली नाही. आता ऐका.

माझे मालक दोघे भाऊ, दोघेही शिंपी. दुकान एक, गाडी एक. थोरल्या दादाच्या खिशात मशीनच्या तेलाची कुपी कायम. काही कुरकुरलं की थेंब सोडायचा. कात्री, बिजागरी, पंखा, कशाचीच सुटका नव्हती. एकदा माझं आवाजाचं बटण खरखरलं. झालं! स्वारीने त्यातही तेल सोडलं. अहो, मी काय शिवणमशीन आहे? पण खरखर थांबली आणि दादा खूश.

आत ते तेल धूळ धरत बसलं. पुढे धाकट्याने गाडीची बॅटरी बदलली आणि नेमका त्याच आठवड्यात मी मुका झालो. त्या जुन्या गाडीत बॅटरीच्या वायरी नेहमीपेक्षा उलट्या लावायच्या असतात; चुकलं तर रेडिओ जळतो. दादाने धाकट्याला गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं आणि मला उपटून त्याच्या हातात दिलं. "घे, हे तुझं कर्तृत्व."

धाकट्याने दुसऱ्या गल्लीत वेगळं मशीन टाकलं. दोघा भावांचं बोलणं बंद. मी त्याच्या कपाटात चिंध्यांत गुंडाळलेला, वर्षानुवर्षं पडून राहिलो. कपाट उघडलं की मला ओरडावंसं वाटे, अरे बाबा, तुझं काही चुकलं नाही! पण मुक्याने ओरडायचं कसं?

परवा वहिनीने त्याला फोन केला. दादाने गाडी दुरुस्त करून घेतली, पण दुसरा रेडिओ काही बसवू देत नाही, भोक तसंच ठेवलंय, म्हणाली. धाकट्याने मला उचलून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे नेलं आणि "माझ्याच हातून जळलाय," असं आधीच सांगून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं, पण गृहीत धरलं नाही. माझ्या वायरीत आधी एक दिवा जोडला. आत शॉर्ट असता तर तो लख्ख पेटला असता. तो जेमतेम लाल झाला. मग त्यांनी आवाजाचं बटण उघडलं. आत काळा, चिकट लगदा. तो त्यांनी हुंगून पाहिला.

"बॅटरी उलटी लागली असती तर सगळं जळलं असतं. इथे सगळं धड आहे. यात तेल कुणी घातलं?"

"दादाची कुपी!" धाकट्याच्या तोंडून निघालं. बाईंनी आवाजाचा भाग नवा घातला, थकलेले दोन-चार तुकडे बदलले, आणि मला कंठ फुटला.

दादाच्या दारात धाकटा मला गाडीत बसवत होता तेव्हा दादा तोंड फिरवून उभा होता. गाणं लागलं तसा तो स्टिअरिंगवर येऊन बसला.

"काय जळलं होतं?"

"काहीच नाही, दादा. बटणात तेल गेलं होतं."

दादाने खिशातली कुपी चाचपली. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मलाही वाटायचं, माझ्याच हातून झालं."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते लपवलं नाही. "माझं चुकलं रे," म्हणाला आणि बाजूच्या सीटवर सरकला. "चालव."

गाडी निघाली तसे दोघे एकदमच बोलायला लागले, गिऱ्हाइकांचं, गुडघ्यांचं, मशीनच्या पट्ट्याचं. एकमेकांचं ऐकू येईना, तेव्हा दादाने हात पुढे करून माझा आवाज अगदी बारीक केला. इतक्या वर्षांनी घसा मोकळा झाला आणि लगेच गप्प! पण खरं सांगतो, मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.